एका फांदीवर तगलेलं झाड : मोलोकाईच्या कोकिओचं प्रकरण

हे प्रकरण पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटसमूहातल्या कोकिओ नावाच्या एका झाडाचं आहे. त्यात शास्त्रज्ञ आहेत, गुरांचे मळे आहेत, एका घराचं आवार आहे आणि एक आग आहे. जी नावं सार्वजनिक नोंदीत आहेत तेवढीच घेतली आहेत. बागेत प्रत्यक्ष हात काळे करणारे, आवाराची देखभाल करणारे किंवा आगीच्या वेळी तिथे असलेले लोक बिननावाचेच ठेवले आहेत. रोपवाटिका चालवणारे, देवराई राखणारे, गावात दुर्मिळ झाडं लावण्याचा उपक्रम करणारे यांनी हे वाचावं असं वाटतं. इथे घेतलेले निर्णय आणि न घेतलेले निर्णय आपल्याकडेही रोजचे आहेत.

पार्श्वभूमी

मोलोकाई हे हवाईतलं लांबट बेट. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे ६१ किलोमीटर, रुंदी जेमतेम १६. व्यापारी वारे पूर्वेकडून येतात, तिथल्या उंच डोंगरांवर पाऊस ओततात आणि पश्चिमेला पोचेपर्यंत कोरडे होतात. महाबळेश्वरला पावसाने झोडपावं आणि माण-खटावने आभाळाकडे बघत बसावं, तोच हिशेब. बेटाच्या या कोरड्या पश्चिम टोकाला, मौनालोआ नावाच्या डोंगराजवळ महाना इथे एकेकाळी सखल भागातलं शुष्क जंगल होतं. (मोठ्या हवाई बेटावरचा प्रसिद्ध ज्वालामुखी तो वेगळा, नाव तेवढं सारखं.)

या जंगलात कोकिओची एक जात होती, शास्त्रीय नाव कोकिया कुकेई. कुळ माल्व्हेसी, म्हणजे कापूस, भेंडी, जास्वंद यांचं. कोकिया ही प्रजाती हवाई सोडून जगात कुठेही नाही आणि तिच्यात जाती मोजून चार. एक काउआई बेटावर, एक हवाई बेटावर, एक ओआहूवर आणि ही मोलोकाईवर. ओआहूवरची जात एकोणिसाव्या शतकातच संपली. तिच्यासाठी कुणी काही करायच्या आतच ती गेली, त्यामुळे तिचं 'प्रकरण' लिहायलाही काही उरलं नाही.

झाड मध्यम आकाराचं, दहा-अकरा मीटरपर्यंत वाढणारं, पानगळीचं. पान रुंद, कडेला बोथट खंड पडलेलं. कपाशीच्या शेतात वाढलेला माणूस ते पान हातात घेऊन लगेच म्हणेल, हे आपल्याच घरातलं. कळीखाली कापसाच्या पातीला असतात तशी तीन सहपत्रं, म्हणजे कळीला वेढणारी पानं असतात, फक्त बरीच मोठी. फूल मात्र कपाशीसारखं नाही. ते नारिंगी-लाल, पाकळ्या पीळ घेऊन मागे वळलेल्या, आणि पुंकेसरांचा दांडा बाहेर डोकावणारा. किड्यांपेक्षा चोच घालून मध पिणाऱ्या पक्ष्यांसाठीच असं फूल घडलेलं असतं. फळ म्हणजे बोंडच, ते पिकून उकलतं. आत बी, आणि बियांवर तांबूस आखूड लव. सूत काढण्याजोगं काही नाही. कोकिओच्या सालीपासून निघणारा तांबडा रंग हवाईचे मच्छीमार जाळी रंगवायला वापरत.

थोडं विषयांतर, पण कापूस पिकवणाऱ्या मुलखात हे सांगायलाच हवं. कोकियाचं सगळ्यात जवळचं नातं खऱ्या कापसाशी नाही, आफ्रिका आणि मादागास्करमधल्या गॉसिपिऑइडिस या छोट्या प्रजातीशी आहे. दोघांच्याही गुणसूत्रांचा मूळ आकडा १२, कापसाचा १३. मधे अख्खा समुद्र असताना हे नातं कसं जुळलं, यावर वनस्पतिशास्त्रज्ञ आजही डोकं खाजवतात. हवाईत खऱ्या कापसाचीही एक रानटी जात आहे. तिथले लोक तिला 'माओ' म्हणतात. तिच्या पानांवर मधुग्रंथी नसतात, म्हणून हा गुण लागवडीच्या कापसात उतरवण्यात आला, किडींना पीक कमी आवडावं यासाठी. आणि कोकणच्या खाड्यांकाठचा परोसा पिंपळ, म्हणजेच भेंड, हवाईच्या किनाऱ्यावर 'मिलो' या नावाने उभा आहे. तोही याच कापूसगटातला. तेव्हा मोलोकाईचं हे झाड आपल्यापासून दिसतं तितकं लांब नाही.

अडचण कशी वाढत गेली

पाश्चात्त्य नोंदीत हे झाड आलं १८६० च्या दशकात, तेही फक्त तीन झाडांच्या रूपात. म्हणजे नोंद झाली तेव्हाच जात संपण्याच्या वाटेवर होती. कारणं नेहमीचीच, पण एकावर एक चढलेली. पश्चिम मोलोकाई गुरं-मेंढ्यांच्या चराईखाली गेलं. शेळ्या होत्याच. १८६८ साली राजा कामेहामेहा पाचवा याला भेट म्हणून चितळं आली, भारतातली, हाँगकाँगमार्गे. त्यांचा कळप आजही मोलोकाईवर आहे. आपल्या जंगलात चितळाला बिबट्या आहे, वाघ आहे, रानकुत्रे आहेत. तिथे त्यांना आवरणारं कुणी नव्हतं. हवाईच्या झाडांना खूर असलेल्या प्राण्यांची सवयच नव्हती, म्हणून काटे नाहीत, कडवटपणा नाही, बचावाचं काहीच नाही. मोठं झाड उभं राहतं, पण रोप टिकत नाही. जंगल वरून हिरवं दिसत राहतं आणि खालून म्हातारं होत जातं.

त्यात उंदीर बिया खातात. आणि फुलांवर येणारे पक्षी खालच्या भागातून नाहीसे झाले. १८२६ च्या सुमारास जहाजांतून डास आले, त्यांनी पक्ष्यांचा मलेरिया पसरवला आणि हवाईचे मधखाऊ पक्षी डास न पोचणाऱ्या थंड उंचीवर ढकलले गेले. सखल भागातलं झाड फुलत राहिलं, पाहुणा मात्र येईना.

१९१० साली वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ रॉक तिथे पोचला. पुढे चीनमधल्या संशोधनासाठी गाजला तोच हा. त्याला महाना इथे एकच झाड मिळालं, तेही खंगलेलं. १९१५ ला तो परत गेला तेव्हा झाड शेवटच्या घटका मोजत होतं. मिळालं तेवढं बी त्याने गोळा केलं. १९१८ पर्यंत ते झाड गेलं आणि जंगलातून ही जात कायमची संपली.

बियांपासून वाढलेलं एक रोप मोलोकाईवरच कौलुवाई इथे, मळ्याचे व्यवस्थापक जॉर्ज कुक यांच्या घराच्या आवारात मोठं झालं. १९३४ साली ऑटो डेगनर या वनस्पतिशास्त्रज्ञाने ही वेगळी जात असल्याचं ठरवून तिला कुक यांचं नाव दिलं. म्हणजे जातीला स्वतंत्र नाव मिळालं ते ती जंगलातून गेल्यावर. अंगणातल्या या झाडापासून शंभरावर रोपं करण्यात आली. ती तगली नाहीत. १९५० चं दशक सरत आलं तेव्हा शेवटचं माहीत असलेलं झाडही गेलं आणि जात नामशेष धरली गेली.

१९७० साली त्याच आवारात एक झाड जिवंत सापडलं. जुन्या रोपांपैकीच एक, कुणाच्या लक्षात न राहिलेलं.

इथे प्रकरणाचा खरा प्रश्न सुरू होतो. हातात जगातलं एकमेव झाड आहे. ते खासगी आवारात आहे, जुनं आहे, त्याच्या भावंडांपैकी एकही टिकलेलं नाही. करायचं काय?

पर्याय

त्या वेळी कुणी काय युक्तिवाद केले ते इथे मांडण्याचा दावा नाही. रोपवाटिकेतला माणूस अशा झाडासमोर उभा राहिला तर त्याच्या मनात जे पर्याय येतील, ते असे.

पहिला विचार येतो तो हात न लावण्याचा. कुंपण घाला, पाणी द्या, उंदरांचा बंदोबस्त करा, बाकी झाडावर सोपवा. ऐकायला हे जबाबदार वाटतं. एकच झाड असताना त्यावर कात्री चालवायची हिंमत कोण करणार? जखमेतून बुरशी गेली तर बोल लागणार कात्री धरणाऱ्यालाच. काहीच न केल्याने झाड मेलं तर मात्र बोल कुणालाच लागत नाही. 'थांबून बघू' हा पर्याय सरकारी बैठकांत इतका लाडका का असतो, याचं उत्तर इथेच आहे.

दुसरा विचार बियांचा. बियांतून आलेलं रोप स्वतःच्या मुळावर उभं राहतं आणि थोडा का होईना वारसा बदलतो, म्हणून तत्त्वतः हाच उत्तम. पण एकटं झाड, परागीभवन करणारे पक्षी नाहीत, आणि आधीच्या पिढीतली शंभरावर रोपं हातातून गेलेली. त्या रोपांचा अनुभव मला मोलाचा वाटतो. संख्या मोठी होती, तरी जात वाचली नाही, कारण रोप करणं आणि रोप झाडापर्यंत नेणं ही दोन वेगळी कामं आहेत. लावणीच्या फोटोत आणि तीन पावसाळ्यांनंतरच्या मोजणीत किती फरक असतो हे वृक्षारोपणाच्या कुठल्याही कार्यक्रमानंतर बघावं.

तिसरा छाट कलमाचा. फांदीचा तुकडा, मुळं फुटायला मदत करणारी संजीवक पावडर, वाळू-कोकोपीट, धुक्याची फवारणी. जास्वंद अशी पावसाळ्यात कुठेही रुजते, म्हणून तिच्या कुळातलं झाडही रुजेल असं वाटणं साहजिक आहे. कोकिओ मात्र असा सहजी मूळ धरत नाही. गुटी कलम करता येतं, फांदी झाडावरच ठेवून साल गोल काढायची, ओलं शेवाळ बांधायचं. फांदी मूळ धरत नाही तोवर ती आईच्याच अंगावर असते हा फायदा. तोटा असा की बांधलेल्या प्रत्येक फांदीचा भार जुन्या झाडावर पडतो आणि काम महिनोन्‌महिने त्या आवारातच अडकून राहतं.

आणि चौथा, भावंडाच्या खुंटावर कलम बांधण्याचा. खुंट म्हणजे खालचं मुळासकटचं रोप, काडी म्हणजे त्यावर जोडायचा फांदीचा तुकडा. कोकियाच्या दुसऱ्या जाती शेजारच्या बेटांवर होत्या, त्यांची रोपं करता येत होती. आपल्याकडे रायवळ कोयीच्या खुंटावर हापूसची काडी चढते तेव्हा खुंट आणि काडी दोन्ही आंबाच असतात. इथे जात वेगळी, प्रजाती एक. जुळण्याची शक्यता चांगली, खात्री नाही. शिवाय खुंट ज्याचा घ्यायचा तो कोकिओही धोक्यातलाच. एका दुर्मिळ झाडाची मुळं दुसऱ्या दुर्मिळ झाडाला उसनी द्यायची, असा हा सौदा.

काय केलं गेलं

फांदी कापली गेली. ती ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या वाइमेआ इथल्या वृक्षोद्यानात नेऊन दुसऱ्या कोकिओच्या खुंटावर कलम करण्यात आली, आणि कलम धरलं.

हे वाक्य लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात काय असतं ते पाचर कलमाची नेहमीची रीत घेऊन बघावं. खुंट साधारण पेन्सिलीच्या जाडीचा हवा, काडीही तेवढीच. जुन्या, कोरड्या हवेत वाढलेल्या झाडावर अशी निरोगी, डोळे फुगलेली पण न फुटलेली काडी मिळणं हीच पहिली परीक्षा. काडी कापल्याक्षणी तिचं पाणी तुटतं. ओल्या कापडात गुंडाळून, सावलीत, विमानाने दुसऱ्या बेटावर न्यायची. मग काडीच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तिरकस काप देऊन पाचर करायची, खुंटात तेवढीच खाच पाडायची आणि सालीच्या लगेच आतला हिरवट थर दोन्हीकडे एका रेषेत आणायचा. तो थर केसभर सरकला तर काडी आठवडाभर टवटवीत दिसते आणि मग काळी पडते. प्लॅस्टिकची पट्टी घट्ट, पण चेपणार नाही इतकी. नवा अंकुर आला म्हणून उड्या मारायच्या नाहीत, कारण काडी आपल्यातल्या साठ्यावरही एकदा फुटते. दुसरी पानं मोठी झाली तर जोड जमला म्हणायचं. हापूसची शंभर कलमं बांधताना वीस गेली तरी चालतं. इथे काड्या मोजक्या होत्या.

माझ्या मते या प्रकरणातला निर्णायक भाग फांदी कापण्याच्या वेळेचा आहे. ती कापली तेव्हा झाड मरत नव्हतं. संकट दारात नसताना जोखीम घेतली गेली.

१९७८ साली आग लागली आणि कौलुवाईचं ते झाड जळालं.

परिणाम

झाड गेलं, जात राहिली. १९७९ साली अमेरिकेच्या कायद्याखाली ती संकटग्रस्त म्हणून नोंदली गेली. १९९८ साली तिच्यासाठी पुनरुज्जीवन आराखडा आला, आणि त्या सुमारास जगात ही जात म्हणजे २३ कलमं होती. सगळी एकाच फांदीची. पुढे ती एकाहून अधिक ठिकाणी ठेवली गेली, त्यामुळे एका आगीने सगळं संपण्याची भीती कमी झाली.

पण याला यश म्हणताना जीभ थोडी अडखळते. ही २३ झाडं म्हणजे वारशाच्या हिशेबाने एकच झाड. ते झाडही रॉकने १९१५ साली एका मरणाऱ्या झाडाखालून उचललेल्या बियांचं वंशज. एखादा रोग या झाडाला लागला तर प्रत्येक कलमाला लागेल. फुलं येतात, पण उगवणारं बी मिळवणं ही अडचण राहिली. ऊतीसंवर्धनाचे, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या बारीक तुकड्यापासून रोप वाढवण्याचे प्रयत्न झाले, ते याच कोंडीतून बाहेर पडण्यासाठी.

कलमांची म्हणून एक वेगळी कटकट असते, ती कागदोपत्री आराखड्यात दिसत नाही. जोडाच्या खालून खुंट फुटतो. गुलाबापासून आंब्यापर्यंत कलम लावलेल्या प्रत्येकाने हे पाहिलं आहे: जोमदार फूट आली म्हणून खूश व्हावं, आणि ती नेमकी खुंटाची निघावी. इथे खुंट आणि काडी दिसायला सख्खी भावंडं. माळी बदलला, पाटी पडली, दोन-तीन वर्षं खालची फूट खुडली गेली नाही, तर वरची दुर्मिळ जात गुपचूप वाळते आणि खालची जोरात वाढते. बागेच्या यादीत नाव मात्र जुनंच.

वेगळं काय करता आलं असतं

१९१५ च्या निर्णयाला मी नावं ठेवणार नाही. रॉकने बी उचललं नसतं तर ओआहूच्या जातीची गत इथेही झाली असती. प्रश्न त्यानंतरच्या चाळीस वर्षांचा आहे. जातीचा सगळा भार एका घराच्या आवारावर राहिला. घरमालकाने प्रेमाने झाड वाढवलं, यात शंका नाही. पण घर म्हणजे संस्था नव्हे. माणसं बदलतात, माळी बदलतात, पाण्याची पाळी चुकते. त्या शंभरावर रोपांपैकी मूठभर जरी वेगवेगळ्या बेटांवर, वेगवेगळ्या उंचीवर, नाव-गाव-तारखेच्या नोंदीसह आणि दरवर्षी मोजणीच्या अटीवर दिली गेली असती, तर १९७० साली एकाच झाडापाशी येऊन ठेपावं लागलं नसतं. कदाचित वेगवेगळ्या बियांतून आलेल्या वेगळ्या वारशाची झाडंही हाताशी राहिली असती. परागीभवनाची आजची अडचण तिथेच हलकी झाली असती.

दुसरी गोष्ट कलमाच्या वेळची. फांदी नेली त्याच वेळी गुटीचाही प्रयत्न समांतर करायला हवा होता असं मला वाटतं, झाडाला झेपेल तेवढाच. स्वतःच्या मुळावरचं एक झाड वेगळ्या जागी उभं राहिलं असतं तर खुंटाची भानगड पुढे एवढी चिघळली नसती. याला उलट उत्तरही आहे: जुनं झाड, मोजक्या फांद्या, आणि ज्या कामात हात बसलेला आहे ते आधी करावं. १९७८ ची आग माहीत नसताना कुणीही हेच म्हटलं असतं. तरी आठ वर्षं हा काळ थोडा नव्हता.

तिसरी गोष्ट अजून उघडी आहे आणि तिच्यावर मतभेद होणारच. बी धरत नसेल तर काउआईच्या किंवा हवाई बेटाच्या कोकिओचे पराग वापरून संकर करावा का? बाजूने बोलणारे म्हणतील, एका फांदीच्या वारशावर जात किती दिवस ढकलणार. संकरातून आलेली झाडं पुढे पुन्हा मूळ जातीशी जोडत नेता येतील. विरोधकांचं म्हणणं, मग जे वाचेल ते मोलोकाईचं झाड नसेलच. मला दोन्हींतला पहिला धोका मोठा वाटतो, पण एका अटीवर: संकराची ओळ पूर्णपणे वेगळी ठेवायची, वेगळ्या बागेत, प्रत्येक रोपाला आई-बापाची नोंद, आणि शुद्ध कलमांची संख्या कमी होऊ न देता. मोलोकाईच्या मातीत मात्र सध्या फक्त शुद्ध कलमंच लावावीत, तीही कुंपणाच्या आत.

कारण चितळं अजून तिथेच आहेत. शेळ्या आहेत. परदेशी गवत उन्हाळ्यात वाळतं आणि ठिणगी पडली की पेटतं. कोकिओला महानाच्या उतारावर परत नेणं म्हणजे कलमाच्या चाकूचं काम संपून कुंपणाच्या तारेचं, गवत कापण्याचं, उंदरांच्या सापळ्यांचं आणि ब्रशने हाताने पराग टाकण्याचं काम सुरू होणं. या कामाला मजूर लागतात, दरवर्षीचा पैसा लागतो. आपल्याकडे सोनघंटेसारख्या याच कुळातल्या, सह्याद्रीबाहेर न सापडणाऱ्या झुडपासाठी असं काम आखणाऱ्यांनी अंदाजपत्रकात रोपांच्या रकान्यापेक्षा राखणीचा रकाना मोठा ठेवावा, आणि पहिल्याच वर्षी रोपं तीन वेगळ्या मालकांच्या तीन वेगळ्या जागी द्यावीत.